राजपत्रातली किंमत : हायब्रिड मोटारी, वार्षिक मॉडेल आणि शासनाचा शब्द

दरवर्षी डिसेंबर महिना आला की मोटार विक्रेत्यांच्या दालनांत दोन फलक शेजारी शेजारी लागतात. एकावर 'वर्षअखेरची खास सूट' असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यावर '१ जानेवारीपासून किंमतवाढ'. एकाच वस्तूची किंमत एकाच आठवड्यात घटलेलीही असते आणि वाढणारही असते, हे पाहून नवखा ग्राहक गोंधळतो. खुलासा मात्र सोपा आहे. वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष नोंदलेले असते. डिसेंबरात तयार झालेली मोटार जानेवारी उजाडताच कागदोपत्री एक वर्षाने म्हातारी होते, आणि पुढे ती विकायला काढली की खरेदीदार प्रथम तेच वर्ष पाहतो. म्हणून विक्रेता जुन्या वर्षाचा माल सूट देऊन संपवतो आणि नव्या वर्षाच्या मालाला नवी किंमत लावतो.

साध्या मोटारीच्या बाबतीत हा हिशेब एवढ्यावर संपतो. हायब्रिड मोटारीच्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर अशा दोन शक्तींवर चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत मात्र तो संपत नाही. तिची किंमत कारखानदाराच्या दरपत्रकात जितकी ठरते, तितकीच भारताच्या राजपत्रातही ठरते. गेल्या सतरा-अठरा वर्षांत आपल्या देशात हायब्रिड मोटारींच्या किमती अनेकदा वर-खाली झाल्या. त्यांतील मोठे चढउतार नव्या मॉडेलमुळे कमी आणि अधिसूचनांमुळे अधिक झाले. हा इतिहास मोटारींच्या शौकिनांनी वाचावाच. पण माझ्यासारख्या, आयुष्यभर फायलींवर टिपणे लिहिणाऱ्या माणसांनी तो अधिक बारकाईने वाचावा असे मला वाटते. त्याला एक घरगुती कारणही आहे, ते पुढे येईलच.

वार्षिक मॉडेलचा जन्म

मोटारीचे 'या वर्षीचे मॉडेल' ही कल्पना अमेरिकेतील आहे आणि ती मोटारीइतकी जुनी नाही. हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली बाजारात आणलेली 'मॉडेल टी' १९२७ पर्यंत बनत राहिली. ती फारशी बदलली नाही. बदलत गेली ती तिची किंमत, आणि तीही खाली. सुरुवातीला सुमारे ८५० डॉलरना मिळणारी ही मोटार १९२०च्या दशकाच्या मध्यास ३०० डॉलरपेक्षाही कमी किमतीत मिळू लागली होती. याच्या नेमकी उलट वाट जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी धरली. दरवर्षी मोटारीचे रूप थोडे बदलावे, म्हणजे मागील वर्षाची मोटार चालू स्थितीत असूनही मालकाला जुनी वाटू लागेल, हे त्यांचे सूत्र होते. १९२७ साली कंपनीने रंग आणि रूपरेषा यांसाठी स्वतंत्र विभागच उघडला. तेव्हापासून जगातील मोटार-उद्योग कॅलेंडरच्या तालावर चालतो.

यात एक प्रशासकीय गोम आहे. वर्षाला किंमत चिकटली की वर्ष बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती किंमतही गेली. अमेरिकेत तो अधिकार कारखानदाराकडे होता. आपल्याकडे दीर्घकाळ तो शासनाकडे राहिला.

नियंत्रणाचा काळ

१९५३ साली टॅरिफ आयोगाने मोटार-उद्योगाविषयी अहवाल दिला. ज्यांना येथे खरोखर उत्पादन करायचे आहे त्यांनीच राहावे, नुसती जुळणी करणाऱ्यांनी राहू नये, असा त्याचा आशय होता. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. उरल्या त्या कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईच्या कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. अँबॅसॅडर १९५७ साली आली. तिचा 'मार्क टू' १९६२ साली, 'मार्क थ्री' १९७५ साली आणि 'मार्क फोर' १९७९ साली आला. बावीस वर्षांत तीन नवी रूपे, आणि त्यांतील डोळ्यांना दिसणारा बदल बहुतांशी समोरच्या जाळीचा! वार्षिक मॉडेल ही कल्पना आपल्या दारात येऊन ताटकळत उभी होती.

किंमतही बाजार ठरवीत नव्हता. १९६९ साली केंद्र शासनाने आदेश काढून मोटारींच्या किमती निश्चित केल्या. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले. चौकशी आयोग नेमला गेला, त्याने पत्रा, मजुरी, घसारा, नफा अशा एकेका बाबीचा खर्च तपासला, आणि १९७१ साली न्यायालयाने तिन्ही मोटारींच्या रास्त किमतींबाबत निर्णय दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मोटारीची कारखाना-किंमत मोजावी हा प्रसंग आज विलक्षण वाटेल. पण त्या निकालामागील प्रश्न आजही जिवंत आहे : शासन जेव्हा एखाद्या वस्तूच्या किमतीत हात घालते, तेव्हा त्या हाताला कोणता नियम बांधलेला असतो?

पुढे किंमत नियंत्रण गेले, १९८३ साली मारुती आली, १९९३ साली मोटार-उद्योगाचा परवाना रद्द झाला, आणि नव्वदच्या दशकात भारतीय ग्राहकाला प्रथमच 'या वर्षीचे मॉडेल' हा शब्दप्रयोग खऱ्या अर्थाने भेटला. शासनाने पुढच्या दाराने किंमत ठरविणे सोडले; करांच्या मागच्या दाराने ते तेथेच राहिले.

हायब्रिडचे आगमन

जपानमध्ये टोयोटाने १९९७च्या डिसेंबरात 'प्रियस' बाजारात आणली, किंमत २१ लाख ५० हजार येन. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा विजेच्या रूपाने साठवायची आणि मोटार सुरू करताना, सावकाश चालवताना ती वापरायची, हे तिचे मुख्य तत्त्व. शहरातील थांबत-थबकत चालणाऱ्या वाहतुकीत इंधनाची बचत होते ती यामुळेच. अमेरिकेत २००० साली ती वीस हजार डॉलरला पाच डॉलर कमी अशा किमतीला विकली जाऊ लागली.

या दोन्ही देशांत शासनाने तिला हात दिला, आणि तो कसा दिला हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या २००५च्या ऊर्जा कायद्याने हायब्रिड घेणाऱ्यास २००६ पासून प्राप्तिकरात सूट दिली. पण सूट कधी संपणार हेही त्याच कायद्यात लिहिले होते : एखाद्या उत्पादकाची अशी ६० हजार वाहने विकली गेली की त्याच्या ग्राहकांची सूट ठरलेल्या टप्प्यांनी अर्धी, मग पाव, मग शून्य. टोयोटाने ही संख्या २००६ मध्येच गाठली आणि २००७च्या ऑक्टोबरपासून तिच्या ग्राहकांची सूट पूर्ण संपली. जपानने २००९च्या एप्रिलपासून हायब्रिडला खरेदी कर आणि वजन कर यांतून सूट दिली. त्याच वर्षी होंडाने 'इनसाइट' १८ लाख ९० हजार येनला आणली, तर टोयोटाने नवी, अधिक मोठी प्रियस २० लाख ५० हजार येनला, म्हणजे बारा वर्षांपूर्वीच्या पहिल्या प्रियसपेक्षाही स्वस्त. त्या वर्षी प्रियस ही जपानमध्ये सर्वाधिक खपाची मोटार ठरली. मॉडेल नवे, गुण अधिक आणि किंमत कमी, असे तिन्ही एकत्र येण्यास कारखान्याची आणि कोषागाराची पावले एका दिशेने पडावी लागतात.

आपल्याकडील पहिली नऊ वर्षे

भारतात २००८-०९च्या अर्थसंकल्पात हायब्रिड मोटारींवरील अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये होंडाने 'सिव्हिक हायब्रिड' आणली. ती पूर्ण तयार स्थितीत आयात होत असल्याने शुल्क व कर मिळून तिची किंमत जवळपास दुप्पट होई. दिल्लीत ती साडेएकवीस लाखांना पडे. साध्या सिव्हिकच्या तुलनेत हा आकडा कोणाच्याच गळी उतरेना. वर्ष संपत आले तेव्हा कंपनीने मर्यादित काळासाठी आठ लाखांची सूट दिली आणि किंमत साडेतेरा लाखांवर आणली. जो माल महिनोन्महिने हलत नव्हता तो बघता बघता संपला. भारतीय ग्राहकाला हायब्रिड नको आहे, ही समजूत त्या एका डिसेंबरने खोटी ठरवली. त्याला ती नको नव्हती. त्या किमतीत नको होती.

२०१० साली प्रियस येथे आली, तीही आयात होऊन, पंचवीस लाखांहून अधिक किमतीला. २०११-१२च्या अर्थसंकल्पात हायब्रिड व विद्युत वाहनांसाठी राष्ट्रीय अभियानाची घोषणा झाली. २०१३च्या जानेवारीत त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि २०२० पर्यंत साठ ते सत्तर लाख हायब्रिड व विद्युत वाहनांचे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. येथे 'हायब्रिड' आणि 'विद्युत' हे शब्द जोडीने येत होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच वर्षी टोयोटाने कर्नाटकातील बिडदी येथे 'कॅमरी हायब्रिड'ची जुळणी सुरू केली. किंमत सुमारे तीस लाख.

१ एप्रिल २०१५ पासून 'फेम' योजना सुरू झाली. विद्युत मोटारीला १ लाख ३८ हजारांपर्यंत, 'स्ट्राँग' हायब्रिडला ७० हजारांपर्यंत आणि 'माइल्ड' हायब्रिडला १३ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागले. स्ट्राँग हायब्रिड काही अंतर केवळ विजेवर धावू शकते. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. त्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मारुतीने सियाझ आणि अर्टिगा या मोटारींच्या डिझेल आवृत्त्या माइल्ड हायब्रिड तंत्रासह आणल्या. अनुदान, शिवाय हायब्रिडसाठी सवलतीचे अबकारी शुल्क. त्यामुळे मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात प्रथमच ज्या गाडीच्या मागे 'हायब्रिड' लिहिले आहे अशी गाडी आली. फेम योजनेतील मोटारींच्या अनुदानाचा मोठा वाटा या माइल्ड हायब्रिडना गेला, आणि येथेच पुढच्या वादाचे बीज पडले. थोड्या इंधन-बचतीसाठी सार्वजनिक पैसा का द्यावा, हा प्रश्न रास्त होता.

सहा महिन्यांत तीन बदल

आता ते घरगुती कारण सांगतो. माझे मामा इंदूरला असत. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले, पै-पैचा हिशेब एका लांबट वहीत लिहून ठेवणारे गृहस्थ. स्कूटरची नोंदणी करून कित्येक वर्षे वाट पाहिलेल्या पिढीचे. २०१७च्या मेमध्ये त्यांचा दिल्लीला मला फोन आला : "अरे, आमच्या मनात एक हायब्रिड गाडी आहे. एप्रिलपासून तिचं अनुदान गेलं म्हणतात. आता तो नवा कर येतोय. आत्ता घेऊ की थांबू? तू सरकारात आहेस, तुला कळत असेल."

त्यांचे म्हणणे खरे होते. ३० मार्च २०१७च्या अधिसूचनेने माइल्ड हायब्रिडला फेममधून वगळले होते, आणि बदल अमलात आला तो १ एप्रिलला, म्हणजे एका दिवसाच्या अंतराने. मी सांगितले, "मामा, थांबा. करावर कर जाणार आहे. बहुतेक वस्तू स्वस्त होतील." मे महिन्याच्या उत्तरार्धात श्रीनगरच्या बैठकीत वस्तू व सेवा कराचे दर ठरले. मी तक्ता पाहिला. मोठ्या मोटारींवरील एकूण भार कमी होत होता. हायब्रिडवर मात्र २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर, एकूण ४३ टक्के. आधीचा एकत्रित भार सुमारे ३०.३ टक्के होता. उद्योगाने फेरविचाराची मागणी केली, आणि तो होईल असे मी गृहीत धरले. मामांना पुन्हा सांगितले, "अजून थोडं थांबा, हे बदलेल."

ते बदलले नाही. १ जुलै उजाडला. करपूर्व किंमत दहा लाख धरली तर जूनमध्ये ती मोटार १३ लाख ३ हजारांना पडली असती. जुलैत तीच १४ लाख ३० हजारांना. एक लाख सत्तावीस हजारांचा फरक, आणि त्यावर राज्याचा वाहन कर वेगळा, कारण तोही वाढलेल्या किमतीवरच बसतो. कॅमरीसारख्या मोटारीची किंमत तर काही लाखांनी चढली. दुसरीकडे, जिच्यावर आधी पन्नास टक्क्यांहून अधिक भार होता अशी मोठी डिझेल गाडी ४३ टक्क्यांवर उतरली. अधिक धूर सोडणारी आणि कमी सोडणारी, दोघी एकाच पायरीवर.

दोन महिन्यांनी तिसरा बदल झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये उपकराची मर्यादा वाढवून मध्यम मोटारींवर दोन, मोठ्यांवर पाच आणि एसयूव्हीवर सात टक्के अधिक भार टाकला गेला. हायब्रिड आहे तेथेच ठेवली. म्हणजे जुलैत गेलेला फायदा सप्टेंबरात थोडाफार परत आला, पण तो हायब्रिड स्वस्त करून नव्हे, तर इतरांना महाग करून. एप्रिलमध्ये अनुदान गेले, जुलैत कर वाढला, सप्टेंबरात तुलना बदलली. या सहा महिन्यांत कारखान्यातून निघणाऱ्या गाडीत एका स्क्रूचाही फरक पडला नव्हता.

मामांनी ती मोटार अखेर घेतली. डिसेंबरात विक्रेत्याने वर्षअखेरची सूट देऊ केली, ती त्यांनी नाकारली आणि जानेवारी २०१८ मध्ये नव्या उत्पादन-वर्षाची गाडी घेतली. मला कळले ते पेढे आल्यावर. मी म्हटले, "मामा, या वेळी विचारलं नाहीत?" ते हसले. "अरे, आमच्या वेळी गाडीची वाट पाहावी लागे. आता दराची पाहावी लागते. गाडीची निदान येण्याची खात्री असे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. चूक धोरणाची होती की नव्हती हा वादाचा मुद्दा आहे. माझी चूक वादातीत होती. जे ठरलेले नव्हते ते ठरल्यासारखे मी सांगितले होते, आणि माझ्या पदामुळे त्यांनी ते खरे मानले होते.

दुसरी फेरी

पुढील काही वर्षे 'हायब्रिड' आणि 'विद्युत' या जोडगोळीची फारकत झाली. विद्युत वाहनांवरील कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हायब्रिड ४३ वरच राहिली. २०१९च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या फेमच्या दुसऱ्या टप्प्यात स्ट्राँग हायब्रिड मोटारीला १३ हजारांचे अनुदान ठेवले होते, पण १५ लाखांपेक्षा कमी किमतीची अशी मोटारच तेव्हा बाजारात नव्हती. कागदावर तरतूद आणि दालनात गाडी नाही, हा प्रकार आम्हा फायलीवाल्यांच्या ओळखीचा आहे.

तरीही २०२२ साली हायब्रिडने पुन्हा डोके वर काढले. मे महिन्यात राजस्थानातील टपुकडा येथे बनलेली होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती सुमारे साडेएकोणीस लाखांना आली. सप्टेंबरात टोयोटाची हायरायडर १५ लाख ११ हजारांपासून आणि तिचीच जोड-बहीण मारुती ग्रँड विटारा १७ लाख ९९ हजारांपासून. वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस. या वेळी अनुदान नव्हते. होती ती देशी जुळणी, दोन कंपन्यांनी वाटून घेतलेला खर्च, वाढलेले इंधनाचे दर आणि बॅटरीवर आठ वर्षांची हमी. शिवाय मोटार कंपन्यांना सरासरी इंधन-वापराचे जे निकष पाळावे लागतात, त्यांत प्रत्येक स्ट्राँग हायब्रिड दोन मोटारींइतकी मोजली जाते. हीसुद्धा एक सवलतच. पण ती ग्राहकाला दिसत नाही.

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने स्ट्राँग हायब्रिडवरील नोंदणी कर माफ केला. दहा लाखांवरील मोटारीला तेथे दहा टक्के कर असल्याने मोठ्या गाडीमागे दोन-तीन लाखांचा फरक पडला. दिल्लीचा ग्राहक नोएडाकडे आशेने पाहू लागला. ज्या कंपन्यांचा भर पूर्ण विद्युत मोटारींवर होता त्यांनी या सवलतीला विरोध केला, ज्यांचा हायब्रिडवर होता त्यांनी स्वागत केले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी हायब्रिडवरील कर कमी व्हावा अशी भूमिका जाहीरपणे मांडली होती. कोणाचे बरोबर, हे मी येथे ठरवीत नाही. हायब्रिडही पेट्रोल जाळते हे खरे, आणि आज भारतात वीज बहुतांशी कोळशापासून बनते हेही खरे.

मग २२ सप्टेंबर २०२५ आला. उपकर गेला. चार मीटरच्या आतील, ठरावीक इंजिन-क्षमतेच्या छोट्या मोटारी १८ टक्क्यांवर आल्या. त्या मर्यादेबाहेरच्या सर्व मोटारी, हायब्रिडसह, ४० टक्क्यांवर. विद्युत वाहने ५ वर कायम. मोठ्या हायब्रिडचा दर ४३ वरून ४० वर उतरला म्हणून आनंद व्हावा, तर एसयूव्हीचा दर ५० वरून ४० वर उतरला. करपूर्व दहा लाखांच्या गाडीवर दोघींत सत्तर हजारांचे जे अंतर होते ते मिटले. २०१७च्या जुलैत जे घडले तेच आठ वर्षांनी पुन्हा घडले : किंमत उतरली की चढली हा भाग निराळा, पण 'कमी इंधन पिणारीला थोडा मान' हा संकेत पुसला गेला.

यातील एक सूक्ष्म बाब लक्षात घेण्याजोगी आहे. कर किमतीच्या टक्केवारीत आहे. बॅटरी आणि मोटर यांमुळे समजा दोन लाखांचा खर्च वाढला, तर त्या दोन लाखांवरही ४० टक्के, म्हणजे ८० हजारांचा कर बसतो. इंधन वाचविणाऱ्या साधनावरच कर, असा त्याचा अर्थ होतो. मोटारीला तंत्रज्ञानाच्या नावाने न ओळखता ती प्रति किलोमीटर किती धूर सोडते यावरून ओळखले, तर माइल्ड आणि स्ट्राँग, हायब्रिड आणि साधी, हे सगळे वाद एका मोजपट्टीवर येतील. मोजणीची यंत्रणा इंधन-वापराच्या निकषांमुळे आपल्याकडे तयारच आहे.

शासनाचा शब्द

शासनाने दर कधी बदलूच नयेत असे मी म्हणणार नाही. महसूल लागतो, प्राधान्ये बदलतात, आणि पंधरा लाखांची मोटार घेणाऱ्याची बाजू घेऊन कोणी गळा काढावा अशी आपल्या देशाची स्थितीही नाही. पण सवलत हा एक शब्द असतो. त्या शब्दावर कारखानदार साचे मागवतो, विक्रेता कर्ज काढतो आणि कोठेतरी एक निवृत्त गृहस्थ मुदत ठेव मोडतो. शब्द मर्यादित असायला हरकत नाही. ती मर्यादा शब्द देतानाच सांगितलेली असावी. साठ हजार वाहनांनंतर सूट संपेल असे कायद्यातच लिहिणारा शासक कठोर असेल, पण तो लबाड ठरत नाही. ३० मार्चला लिहून १ एप्रिलला अमलात आणणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, पुढच्या वेळी त्याच्या सवलतीवर कोणी घाई करून विश्वास ठेवणार नाही. विश्वास गेला की सवलत महाग पडते, कारण तोच परिणाम साधायला मग दुप्पट रक्कम द्यावी लागते.

कारखानदाराचे वार्षिक मॉडेल निदान कॅलेंडर पाळते. जानेवारीत किंमत वाढणार हे ग्राहकाला डिसेंबरात कळते. तो हिशेब करतो, घेतो किंवा सोडतो. करांच्या बदलालाही असे कॅलेंडर असावे, एवढी माफक अपेक्षा आहे.

मामा २०२१ साली गेले. त्यांची लांबट वही मामेभावाने मला दिली. तीत गाडीच्या पानावर कारखाना-किंमत, कर, विमा, नोंदणी असे रकाने आहेत, आणि कराच्या रकान्यापुढे बारीक अक्षरांत 'थांबल्याचा खर्च' म्हणून एक आकडा. माझे नाव कोठेही नाही.

२०२५च्या दिवाळीत त्याच मामेभावाचा इंदूरहून फोन आला. वडिलांची गाडी काढून स्ट्राँग हायब्रिड घ्यायची आहे. आता घ्यावी, की नव्या वर्षाचे मॉडेल येऊ द्यावे? मी त्याला सध्याचे दर सांगितले, ते कोणत्या तारखेपासून लागू आहेत ते सांगितले, डिसेंबर आणि जानेवारी यांतला उत्पादन-वर्षाचा फरक समजावला. "आणि पुढे दर बदलेल का?" त्याने विचारले. या वेळी मी म्हणालो, "ते राजपत्रात येईल तेव्हा मलाही तुझ्याबरोबरच कळेल."